एकशे दहा वॅट

आमच्या घरात ‘वॅट’ हा शब्द पूर्वी फक्त दिव्यांच्या बाबतीत निघायचा. “बेसमेंटमधला साठ वॅटचा गेलाय, येताना घेऊन या,” एवढ्यापुरता. आता तो रोज निघतो. मी सायकलवरून आलो, गॅरेजचं दार खाली आलं, की स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, “किती गेले?” आणि लहानपणी वडिलांना गणिताचे मार्क सांगताना जो आवाज निघायचा, त्याच आवाजात मी आकडा सांगतो.

ही भानगड सुरू झाली २०२३ च्या ऑक्टोबरात. मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना ऑक्टोबर म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरचे लोक गाड्या काढून पानांचे रंग बघायला येतात आणि आपण रेक घेऊन तेच रंग पिशव्यांत भरत असतो. चौथी पिशवी भरताना छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटलं. आता मराठी माणसाच्या छातीत पहिल्यांदा जे काही होतं ती ॲसिडिटीच असते, यावर आपल्यात दुमत नाही. आदल्याच रात्री एकांकडे कोजागरी झाली होती. मसाला दूध आणि त्यावर भजी, म्हणजे पुरावाही हजर. मी आत येऊन इनो घेतलं आणि पाचवी पिशवी भरायला गेलो. हिनं खिडकीतून मला पायरीवर बसलेला पाहिलं आणि बाहेर आली. “अहो, पन्नास डिग्री आहे बाहेर. घाम कसला आलाय तुम्हाला?”

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्यापैकी पुष्कळांनी घरात नाहीतर शेजारी पाहिलेलं आहे. ॲम्ब्युलन्स, दोन स्टेंट, तिसऱ्या दिवशी घरी. त्याच वर्षी मुलांनी माझी साठी केली होती. पाहुण्यांना दिलेल्या चांदीच्या वाट्यांपैकी उरलेल्या दोन अजून कपाटात होत्या. त्यातल्या एकीत ही आता गोळ्या काढून ठेवू लागली.

हॉस्पिटलनं मला कार्डिॲक रिहॅबला घातलं. आठवड्यातून तीनदा, एकूण छत्तीस वेळा. एका मोठ्या खोलीत आम्ही सहा-सात जण, छातीवर इलेक्ट्रोड चिकटवलेले, कुणी ट्रेडमिलवर, कुणी नुसते हात फिरवतोय. मी सायकल मागून घेतली. पुण्यात वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आमच्या वेळचं पुणं सायकलींचंच होतं. डबलसीट जाताना चौकात हवालदार दिसला की मागच्यानं टुणकन उतरून साळसूदपणे चालू लागायचं, हे शिक्षण आम्हाला शाळेच्या आधी मिळालं.

तिथे देखरेख करणारी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. तिनं पहिल्याच दिवशी एक तक्ता दाखवला. ६ पासून २० पर्यंत आकडे. ६ म्हणजे आरामखुर्चीत बसल्यासारखं आणि २० म्हणजे याच्या पुढे काही नाही. गुन्नार बोर्ग नावाच्या एका स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ही मोजपट्टी. आकडे ६ पासून का, तर निरोगी तरुण माणसात आकड्याच्या दहापट साधारण नाडीचे ठोके यावेत म्हणून. आपण ११ ते १३ च्या आत राहायचं. दर पाच मिनिटांनी ती विचारायची, “कसं वाटतंय?” आणि मी म्हणायचो, “ठीक.” चौथ्या दिवशी ती हसून म्हणाली, “तुमचं ठीक म्हणजे १५ असतं, हे मला आता कळलंय.”

बरं, नाडी बघावी तर तीही उपयोगाची नाही. मला बीटा ब्लॉकर चालू. या औषधाचं कामच मुळी हृदयाचे ठोके चढू न देणं. ‘२२० वजा वय’ हे जे सूत्र सगळ्या जिमच्या भिंतींवर असतं, त्यानं माझे जास्तीत जास्त ठोके १६० यायला हवेत. मी धापा टाकायला लागलो तरी घड्याळ ११२ दाखवायचं. म्हणजे नाडी औषधानं दाबलेली आणि तोंडाला ‘ठीक’ म्हणायची सवय. उरले पाय. पाय किती काम करताहेत ते त्या सायकलच्या पडद्यावर वॅटमध्ये दिसायचं. स्ट्रेस टेस्ट आणि महिनाभराचे इलेक्ट्रोडचे कागद बघून डॉक्टरांनी आणि त्या मुलीनं मिळून आकडा ठरवला. एकशे दहा. त्याच्या वर नाही.

“आणि हा आकडा म्हणजे डॉक्टर नव्हे,” तिनं बजावलं. “छाती जड झाली, चक्कर आली, श्वास पुरेना, तर पडद्यावर पन्नास असले तरी थांबायचं. कडक उन्हात हेच एकशे दहा हृदयाला जास्त जड पडतात.” मी मान डोलावली. हे मी इथे मुद्दाम लिहितोय, कारण माझा आकडा माझा आहे. तुमचा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

मार्चमध्ये छत्तीस फेऱ्या संपल्या. तिथे सगळे टाळ्या वाजवतात, एक टी-शर्ट देतात. मी घरी आलो आणि गॅरेजमध्ये हुकाला उलटी टांगलेली माझी सायकल बघितली. तिच्यावर हिनं जुनी चादर टाकून ठेवली होती.

“उन्हाळा येतोय,” मी म्हटलं.

“येऊ दे,” ही म्हणाली.

हिच्या या उत्तरामागे एक जुनी गोष्ट आहे. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कसब्यातून नव्या पुलावरून वाकडेवाडीमार्गे खडकी, रोज जाऊन येऊन, तीस वर्षं. काळी हर्क्युलस, मागे कॅरिअर, पुढे डायनॅमोचा दिवा. १९८४ च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी ते घरी आले, जिन्याखाली सायकल लावली, कुलूप घातलं, कॅरिअरवरची रेशनच्या गव्हाची पिशवी खांद्यावर घेऊन जिना चढले आणि आईकडे पाणी मागितलं. आई पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. वय सत्तावन्न, रिटायर व्हायला सात महिने. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याआधी आठवडाभर ते छातीत जळजळतंय म्हणून ओवा खात होते.

हिनं त्यांना कधी पाहिलेलं नाही. आमचं लग्न नंतरचं. पण सासूबाईंकडून ऐकून ऐकून ती गोष्ट हिला पाठ आहे, ओव्यासकट.

“त्यांना तरी कुठे कुणी सांगितलं होतं, किती जोर लावायचा ते?” ही म्हणाली.

मी म्हटलं, “मला सांगितलंय.”

“ते त्या मशीनवर. रस्त्यावर कोण सांगणार?”

वाद मिटला नाही, पण त्यातून अट निघाली. रस्त्यावर तो आकडा डोळ्यांसमोर दिसला तर सायकल खाली निघेल. नाहीतर नाही.

आता इथे माझं नशीब असं, की असा आकडा दाखवणारं यंत्र ज्यावर चालतं, त्या विद्येत मी तेहेतीस वर्षं भाकरी खाल्ली आहे. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांसाठी ॲक्सल आणि सस्पेन्शनचे भाग तपासणाऱ्या लॅबमध्ये माझं काम होतं स्ट्रेन गेज चिकटवण्याचं. कितीही जाड लोखंड असलं तरी जोर आला की ते केसाच्या अंशाइतकं का होईना वाकतं, ताणलं जातं. त्यावर एक बारीक वळणावळणाची तार किंवा पत्रा चिकटवला, की तोही ताणला जातो आणि त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो. तो बदल मोजला की जोर कळला. १९३८ साली एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांना अमेरिकेत एकमेकांना नकळत हे सुचलं. सिमन्स कॅलिफोर्नियात, रूज मॅसॅच्युसेट्समध्ये. पुढे या गेजला नाव मिळालं एसआर-४, त्यातला एस आणि आर हे दोघं.

सायकलचा पॉवर मीटर म्हणजे हेच. पायाचा जोर गुणिले क्रँकची लांबी गुणिले फिरण्याचा वेग, झाले वॅट. उलरिक शोबेरर या जर्मन इंजिनिअरनं १९८६ साली एसआरएम नावानं ही वस्तू काढली आणि पुष्कळ वर्षं ती फक्त शर्यतवाल्यांना परवडायची. आता ती चार ठिकाणी बसवता येते. पुढच्या दातेरी चक्राच्या मध्यात, मागच्या चाकाच्या तुंब्यात, डाव्या क्रँकच्या दांडीला चिकटवून, किंवा थेट पेडलमध्ये.

सल्ले दोन मिळाले. धाकटा मुलगा कोलोरॅडोत असतो, डोंगर चढतो. त्याचं म्हणणं, “बाबा, डाव्या क्रँकचा घ्या. स्वस्त आहे, हलका आहे, तुम्हाला पुरेल.” दुसरे सल्लागार आमच्या रविवारच्या सायकल मंडळातले ज्येष्ठ. त्यांच्या सायकलीत धातूचा अंश शोधावा लागतो, म्हणून पोरं त्यांना कार्बनकाका म्हणतात. ते म्हणाले, “घ्यायचं तर चक्रातलं घ्या. बाकी सगळी खेळणी.” त्यांनी सांगितलेल्या यंत्राची किंमत माझ्या सायकलीपेक्षा जास्त होती.

मी आठवडाभर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. डाव्या क्रँकचं यंत्र फक्त डावा पाय मोजतं आणि दोननं गुणतं. दोन्ही पाय सारखे असतील तर उत्तम. माझे नाहीत. १९८६ साली लक्ष्मी रोडवर एका रिक्षानं मला उडवलं होतं. डावी मांडी मोडली आणि तो पाय तेव्हापासून थोडा अंग चोरून काम करतो. समजा, शंभरातलं सेहेचाळीस डाव्याचं आणि चोपन्न उजव्याचं. मग यंत्र सेहेचाळीसची दुप्पट, म्हणजे ब्याण्णव दाखवणार. पडद्यावर एकशे दहा बघून मी समाधानानं पेडल मारत राहायचो आणि प्रत्यक्षात लागत असणार एकशे वीस. शर्यतवाल्याला याचं काही नाही. रोज तेवढीच चूक असली की त्याची तुलना बरोबर येते. माझी गोष्ट तुलनेची नव्हतीच. मला खरा आकडा हवा होता.

म्हणून दोन्ही पेडलमध्ये गेज असलेली जोडी घेतली. किंमत एका बाजूच्या मीटरच्या दुपटीच्या पुढे. बनवणारी इटलीतली फॅवेरो कंपनी तलवारबाजीच्या सामन्यांत कुणाचा वार लागला ते दाखवणारी यंत्रंही करते, हे वाचून उगीचच विश्वास वाटला. शिवाय पेडल पान्यानं काढून दुसऱ्या सायकलला लावता येतात, म्हणजे उन्हाळ्यात रस्त्यावर आणि मिशिगनच्या हिवाळ्यात बेसमेंटमध्ये, एकाच मापानं. पहिल्या राइडला दोघांच्याही मनाप्रमाणे झालं. सेहेचाळीस-चोपन्नाचा माझा अंदाज जवळजवळ तंतोतंत निघाला, म्हणून मी खूश. आणि या पेडलमध्ये बूट खटकन अडकतो हे विसरून मी मेलबॉक्सपाशी उभ्याउभ्या आडवा झालो, म्हणून ही. “हे मोजलं का तुमच्या यंत्रानं?” असं तिनं विचारलं.

तेहेतीस वर्षं गेज चिकटवणारा माणूस चुकत नाही असं नाही. पहिले दोन आठवडे मला फार हलकं वाटत होतं, एकशे दहा चुटकीसरशी यायचे. मनात आलं, आपली तब्येत या लोकांना समजलेलीच नाही. मग एके दिवशी सहज सेटिंग बघितलं. त्यात क्रँकची लांबी १७२.५ मिलिमीटर होती, मूळची, कुणी न बदललेली. माझी सायकल आपल्या मराठी उंचीला साजेशी लहान, तिचा क्रँक १६५ चा. म्हणजे यंत्र मला साडेचार टक्के फुकट देत होतं. वरच्या खात्यात मार्क वाढवून मिळालेल्या मुलाला ते परत करताना जसं वाटेल तसं मला ते सेटिंग बदलताना वाटलं. दुसरी गोष्ट थंडीची. उबदार गॅरेजमधून चाळीस डिग्रीत सायकल काढली की धातू आकसतो आणि गेजचा शून्य सरकतो. दहा-पंधरा मिनिटं बाहेर उभी करून मग शून्य लावून घ्यायचा. लॅबमध्ये हे मी नव्या पोरांना ओरडून ओरडून सांगायचो.

हँडलवरच्या छोट्या कॉम्प्युटरला एक सोय आहे. ठरावीक आकड्याच्या वर गेलात की तो पीप करतो. तो आकडा कुणी घालायचा यावर चर्चा झाली नाही. हिनं हात पुढे केला, मी यंत्र दिलं, हिनं चष्मा लावून एक-एक-शून्य दाबलं.

राहिलं सॉफ्टवेअर. मला वाटलं होतं हे सोपं जाईल. रोजचे आकडे कुठेतरी साठवायचे, पुढचा आठवडा आखायचा, संपलं. पण मी जे जे उघडलं त्या प्रत्येकाच्या दारात एकच पाटी: आधी तुमचा एफटीपी सांगा. एफटीपी म्हणजे माणूस साधारण तासभर टिकवू शकेल एवढी जास्तीत जास्त शक्ती. अँड्र्यू कॉगन आणि हंटर ॲलन यांचं २००६ सालचं पुस्तक या सगळ्या पंथाची पोथी आहे. मोजायचं कसं, तर वीस मिनिटं जीव तोडून सायकल मारायची आणि सरासरीच्या पंचाण्णव टक्के घ्यायचे. किंवा दर मिनिटाला भार वाढवत न्यायचा, पाय थांबेपर्यंत.

हे मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “म्हणजे आधी दम निघेपर्यंत पळा, मग आम्ही सांगू किती पळायचं ते.”

रिहॅबच्या मुलीला फोन केला. तिनंही वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. असली परीक्षा घरी, एकट्यानं, अजिबात नाही. म्हणजे सगळ्या दुकानांत मला दारातच अडवलेलं. दोन दिवस खिन्न होतो. मग लक्षात आलं की आकडा हातानंही घालता येतो, परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही. कॉगनच्या कोष्टकात शक्तीचे सात मजले आहेत. दुसरा मजला, लांब पल्ल्याच्या निवांत सायकलिंगचा, एफटीपीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत. माझी मर्यादा एकशे दहा हे जर पंचाहत्तर टक्के धरले तर शंभर टक्के आले एकशे सत्तेचाळीस. ते मी लिहून टाकलं. आता मला फक्त पहिले दोन मजले मोकळे. वरच्या पाच मजल्यांना कुलूप.

त्यानंतर निवड करायची होती. झ्विफ्टची चाचणी घेतली. पडद्यावर वटोपिया नावाचं काल्पनिक बेट, त्यात ज्वालामुखीसुद्धा. तुमच्यासारखाच एक बाहुला सायकल चालवतो, माझ्याला मी भरघोस केस दिले होते. आठव्या मिनिटाला ब्राझीलचा झेंडा असलेला एक बाहुला मला ओलांडून गेला. मी त्या माणसाला ओळखत नाही, तो कुठल्या वयाचा ते माहीत नाही, पण पाय आपोआप दीडशेला गेले. बेसमेंटच्या पायरीवर ही मटार सोलत बसली होती. तिनं काही न बोलता लॅपटॉप मिटला. दोष बेटाचा नाही. माझ्या नातवानं त्याच बेटावर हिवाळाभर मजा केली.

ट्रेनररोड म्हणजे शिस्तीचे मास्तर, आखून दिलेला धडा घ्या आणि पुढे चला. ट्रेनिंगपीक्स म्हणजे हिशेबनीस, प्रत्येक राइडला ताणाचे गुण देणार. एक तास एफटीपीनं चालवलं तर शंभर. दोन्ही चांगली, दोन्ही तुमच्यात सुधारणा घडवून आणायला उत्सुक. माझ्यात सुधारणा व्हायला माझी ना नव्हती, पण तो उत्साहच मला परवडणारा नव्हता. शेवटी घेतलं गोल्डन चीता. ते फुकट आहे, जगभरचे हौशी लोक मिळून लिहितात, सगळे आकडे आपल्याच कॉम्प्युटरवर राहतात आणि ते कुणाचं कौतुक करत नाही. नुसते आलेख. दिसायला विमानाच्या कॉकपिटसारखं, पण निवृत्त इंजिनिअरला संध्याकाळ घालवायला याहून बरं काय? नाव ऐकून ही म्हणाली, “सोनेरी चित्ता! एकशे दहाला?”

तासभर एकशे दहानं चालवलं की जवळपास चारशे किलोजूल होतात. शरीर स्वतःच्या इंधनातलं पाव-एक हिस्साच पेडलपर्यंत पोचवतं, त्यामुळे गणित असं जमतं की जेवढे किलोजूल पेडलला, साधारण तेवढ्याच कॅलरी पोटातून खर्च. तुपासकट पुरणपोळीचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही.

२०२४ च्या मेमध्ये रविवारच्या मंडळात परत गेलो. आमचा रस्ता हाइन्स ड्राइव्ह, रूज नदीच्या काठानं नॉर्थव्हिलपासून डिअरबॉर्नकडे. ज्यांच्या नावाचा हा रस्ता ते एडवर्ड हाइन्स स्वतः सायकलवाले. रस्त्याच्या मधोमध रेघ मारायची कल्पना १९११ साली त्यांचीच. दोन्ही बाजूंनी झाडी आणि फारसा चढ नाही. पण जो आहे तो पुरतो. पहिल्याच चढावर सगळे उठून उभे राहिले, मीही सवयीनं उठलो आणि पीप पीप पीप. खाली बसलो. मंडळी वळणाआड गेली. त्या दिवशी कळलं की समोरून वारा असला की एकशे दहा वॅट म्हणजे ताशी अकरा मैल आणि वारा पाठीशी असला की सतरा. स्पीडोमीटर बघून आपण आयुष्यभर स्वतःला शाबासकी देतो किंवा शिव्या, ते बहुतेक वाऱ्याचं असतं.

पार्किंग लॉटमध्ये पोहोचायला मला वीस मिनिटं उशीर. पोहे गार, चहा संपलेला. असे पाच-सहा रविवार गेले. मनाला लावून घेत नव्हतो असं म्हणणार नाही. एकदा तर मी ते यंत्र उपटून खिशात घातलं आणि अर्धा मैल गटाबरोबर गेलो. घरी आल्यावर प्रश्न आला, “किती गेले?” आलेखात तेवढी जागा रिकामी होती. ही त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली आणि काही बोलली नाही. जेवताना वाढलं, तेही न बोलता. त्यानंतर ते यंत्र मी काढलेलं नाही.

जुलैमधल्या एका रविवारी कार्बनकाका मागे राहिले. मला वाटलं पंक्चर. ते शेजारी येऊन माझ्या वेगानं चालवू लागले. मैलभर कुणी बोललं नाही. मग त्यांनी समोर बघतच विचारलं, “तुमचा बीटा ब्लॉकर किती मिलिग्रॅमचा?”

मी सांगितलं.

“माझा दुप्पट,” ते म्हणाले. “सहा वर्षं झाली. तीन स्टेंट.”

ग्रुपमध्ये कुणाला माहीत नव्हतं. ते ‘इंडियाला गेलो होतो’ म्हणून सांगितलेले दोन महिने प्रत्यक्षात त्यांनी घरीच काढले होते. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हा आजार लवकर आणि जास्त गाठतो हे डॉक्टर कधीपासून सांगताहेत. मंडळाच्या हेल्थ कॅम्पमध्येही दरवर्षी सांगतात आणि आम्ही सगळे मान डोलावून सामोसे घेतो. सहा वर्षं हे गृहस्थ सगळ्यांच्या पुढे राहत होते, मनगटावरची नाडी १२० च्या आत आहे ना, मग ठीक, असं म्हणत. त्यांच्या चक्रातल्या उंची यंत्राचा उपयोग ते आकडा वाढवायलाच करत होते.

“तुमचा तो आकडा,” त्यांनी विचारलं, “तो आणायचा कुठून?”

मी रिहॅबचा नंबर दिला. हे त्यांच्या परवानगीनं लिहितोय. “लिहा,” म्हणाले, “फक्त टोपणनाव चालेल.” आता पोह्यांना उशिरा पोचणारे आम्ही दोघं असतो, त्यामुळे चहा ठेवतात.

२०२५ च्या जानेवारीत आईकडे पुण्याला गेलो. तिला नव्वदावं लागलं होतं आणि ती न्यूमोनियातून उठत होती. तीन आठवडे तिच्या खाटेशी. सायकल नाही. एका रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला. सॉफ्टवेअरमध्ये एक रेघ असते, गेल्या बेचाळीस दिवसांच्या मेहनतीवरून काढलेली, तिला ‘फिटनेस’ म्हणतात. निघताना ती अडतीसवर होती. तेवीसवर आली होती. गणितच तसं आहे, एकवीस दिवस शून्य घातले की राहतात साठ टक्के. ते गणित मला येतं. तरी त्या उतरत्या रेघेकडे बघून जीव कासावीस झाला, आणि शेजारी आई शांत श्वास घेत होती. लॅपटॉप मिटला.

मग झोप आलीच नाही, तेव्हा दुसराच हिशेब मांडला, औषधांच्या यादीच्या पाठीवर. वडील साठ किलो. हर्क्युलस बावीस. गहू दहा. चढ मी दोन टक्के धरला. वेग ताशी साडेबारा किलोमीटर, तेवढ्या वेगानं ते चालवायचे हे मला मागे बसून माहीत आहे. चढाचा भार, टायरचं घर्षण, थोडा वारा, साखळीत वाया जाणारं. बेरीज आली एकशे नऊ वॅट.

दोनदा तपासली. मग आई जागी झाली आणि तिनं पाणी मागितलं. मी उठून दिलं. कागद कशाचा म्हणून तिनं विचारलं, मी म्हटलं, “औषधांचा.”

यंदाच्या जूनमध्ये माझी नवी स्ट्रेस टेस्ट झाली. डॉक्टर खूश होते. आता एकशे पंचवीसपर्यंत जायला हरकत नाही म्हणाले. गाडीत बसल्याबसल्या मी हिला दोनदा सांगितलं, एकशे पंचवीस. घरी आल्यावर हिनं गॅरेजमध्ये जाऊन हँडलवरचं यंत्र काढलं, चष्मा लावला आणि आकडा बदलला. मी वाकून बघितलं. एकशे वीस.

“पंचवीस म्हणालेत ते,” मी म्हटलं.

“ऐकलं मी,” ही म्हणाली. “पाच माझ्याकडे राहू देत.”